मामाच्या गाडीचा बसलेला आवाज

डोन्या सुनिल्दा अमेरिकेत मुलाकडे, प्रॉव्हिडन्सला, गेल्या नाहीत. आमच्या बानी गावातच राहिल्या, आणि आमच्या गल्लीनं एक मोठा सुस्कारा सोडला.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तिकीट काढून झालंय, विमान रविवारचं आहे, बॅगेची चेन बसत नाही म्हणून माझी आई बॅगेवर बसली आहे आणि डोन्या सुनिल्दा, म्हणजे आमच्या समोरच्या सुनिल्दाबाई, नक्की जाणार आहेत. मलाही याच्यापुढचं काही माहीत नाही.

आईचं नाव आर्हेन्तिना, म्हणजे अर्जेंटिना. त्या देशाशी आमचा काही संबंध नाही, आजोबांना नकाशा बघायची आवड होती इतकंच. मामाच्या जन्माच्या वेळी नकाशा सापडला नाही, म्हणून त्याचं नाव रादामेस. मामा भाड्यानं गाडी चालवतो. गाडी पांढरी, गॅसवर चालणारी, कोरियाहून जुनी आलेली. तिकडे ती टॅक्सी होती. आमच्या गावातल्या अर्ध्या ड्रायव्हरांकडे असल्याच गाड्या आहेत. तिकडे तिनं काय काय पाहिलं ते तिचं तिलाच माहीत. ती सांगतेही, पण कोरियन भाषेत.

म्हणजे असं की इंजिन सुरू केलं की डॅशबोर्डवरच्या पडद्यातून एक बाई मंजुळ आवाजात दोन वाक्यं बोलते. काय बोलते ते गावात कुणालाही कळत नाही. मेकॅनिक म्हणतो, पट्टा बांधा म्हणते. आई म्हणते, प्रवासाची प्रार्थना आहे. माझा भागीदार बियेम्बो म्हणतो, ती उकाड्याची तक्रार करते. कशाला उगाच धोका पत्करा, म्हणून तिचं बोलून झालं की आम्ही सगळे 'आमेन' म्हणतो. ड्रायव्हर म्हणतो, मागे बसलेले म्हणतात, बाप्तिस्म्यानंतर चर्चची पायरी न चढलेले लोकही म्हणतात. जो म्हणत नाही त्याच्या गाडीचं टायर पंक्चर होतं हे सिद्ध झालेलं आहे. जो म्हणतो त्याचंही होतं, पण ते पंक्चर वेगळं.

मामाही म्हणायचा. मग म्हणेनासा झाला. बाई बोलायची, मागचे लोक आमेन म्हणायचे, आणि मामा ढिम्म. गल्लीनं ठरवलं की याला गर्व झाला. पुरावाही होता. समोरून भेटलात तर मामा तुम्हाला अर्धा तास सोडायचा नाही, पण मागून हाक मारलीत तर खांबाला मारल्यासारखी. शिवाय तो हल्ली म्हणायचा की लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, पूर्वीसारखी स्पष्ट बोलणारी माणसं राहिली नाहीत. यावर गल्लीचं म्हणणं, बघा, आता आमचं बोलणंही याला पसंत नाही.

या गर्वाचा सगळ्यात मोठा फटका बसला डोन्या सुनिल्दांना.

त्या समोरच्या घरात राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेचे गणवेश शिवतात आणि संध्याकाळी व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत बसतात. मामाची बायकोही नाही. ती देवाघरी गेली नाही, बोनाओ गावी गेली, पण परिणाम तोच. तर मामा संध्याकाळी गाडी लावायचा, डोन्या सुनिल्दा खुर्चीतून म्हणायच्या, 'शुभ संध्याकाळ, रादामेस,' आणि मामा रस्ता ओलांडून कॉफीला जायचा. सगळी गल्ली या दोघांकडे मालिका बघावी तशी बघत होती. एक दिवस त्या म्हणाल्या आणि मामानं गाडीला कुलूप लावलं आणि तो घरात निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

डोन्या सुनिल्दा मोठ्यानं हाक मारणाऱ्यातल्या नाहीत. मोठ्यानं हाक मासे विकणाऱ्यांनी मारायची, असं त्यांचं मत. त्या आपल्या त्याच पट्टीत रोज संध्याकाळी शुभ संध्याकाळ म्हणत राहिल्या, आधी आशेनं, नंतर हट्टानं, नंतर सवयीनं. शेवटी त्यांनी आईला सांगितलं की जिथं आपलं शुभ संध्याकाळ परत येत नाही तिथं म्हातारपण काढण्यात अर्थ नाही. प्रॉव्हिडन्सच्या मुलानं तिकीट पाठवलं. ते एका बाजूचं होतं.

आणि मामा? मामा मला म्हणाला, "सुनिल्दा हल्ली बोलवत नाही रे. माझं काही तरी चुकलं असेल."

काय चुकलं ते विचार ना, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला की बाईमाणूस गप्प झालं की विचारायचं नसतं, चुकीची यादीच वाढते.

विमानतळावर सोडायला मामाचीच गाडी ठरली. ही आईची करामत. डोन्या सुनिल्दा म्हणत होत्या की दुसरी कुठलीही गाडी चालेल, आणि आई दर वेळी येऊन सांगायची की बाकी सगळ्या गाड्या बिघडल्यात. एका आठवड्यात आईनं गावातल्या एकोणीस धडधाकट गाड्या बिघडवल्या. मामाला ही शेवटची संधी होती. विमानतळ राजधानीच्याही पलीकडे, म्हणजे रस्ता बराच लांब. त्या रस्त्यात कुठं तरी तो 'जाऊ नकोस' म्हणणार होता. फक्त ते म्हणायच्या आधी वातावरण हवं, आणि वातावरणासाठी बाचाता हवी, म्हणजे आमची गिटारवरची प्रेमगाणी. म्हणून तो माझ्याकडे आला.

"वांदी, गाडीचा आवाज बसत चाललाय. कंपनीचे स्पीकर गेलेत."

मी आणि बियेम्बो गाड्यांना साउंड बसवतो. आमच्या दुकानाचं नाव 'गडगडाट आणि कंपनी'. दुकान म्हणजे बियेम्बोच्या आईचा व्हरांडा, पण कंपनी आहे. मी मामाच्या गाडीत बसून रेडिओ लावला. मला तर स्वच्छ ऐकू आला. पण तुमचा आवाज पुरेसा आहे असं गिऱ्हाईकाला सांगणारा माणूस बानीत अजून जन्माला यायचाय. आमच्याकडे ऐकू येत नाही याचा अर्थ एकच होतो, स्पीकर लहान आहे. याला दुसरा काही अर्थ असू शकतो हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. शाळेतही मास्तरांचा आवाज पोचेना तेव्हा वर्गात भोंगा बसवला होता.

मामाची अट एकच होती. पुढचा रेडिओ बदलायचा नाही. त्याच पडद्यातून एसी चालतो, पडदा काढला की गार वारा गेला, आणि सुनिल्दा केस सेट करून येणार. दुसरं म्हणजे त्यांना निळे दिवे लावलेल्या, ढणढणणाऱ्या गाड्या आवडत नाहीत. तेव्हा बाहेरून सगळं कंपनीनं दिलं तसंच दिसलं पाहिजे. गाडी सभ्य दिसावी आणि आतून मात्र तिनं काळजाला हात घालावा.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. कंपनीचा रेडिओ लबाड असतो. आवाज वाढवला की तो गुपचूप खालचा ठेका कापतो, म्हणजे त्याचे स्वस्तातले स्पीकर फाटू नयेत. त्यामुळे मागच्या दारांकडे जाणाऱ्या वायरी पडद्याच्या पाठीमागेच पकडायच्या, त्या एका छोट्या डबीत न्यायच्या, कापलेला ठेका डबीनं परत जोडायचा आणि मग तो सीटखालच्या अँप्लिफायरला द्यायचा. पडद्याला पत्ताही लागत नाही. त्याला वाटतं आपण अजून त्याच जुन्या स्पीकरांना हाकतोय. दारांत आम्ही नवे स्पीकर बसवले, पत्रा खडखडू नये म्हणून आतून जाड चिकटपट्टीचे थर दिले आणि वूफर, म्हणजे ठेक्याचा मोठा स्पीकर, ठेवला डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात. स्टेपनी आंब्याखाली ठेवली. मामानं विचारलं, वाटेत पंक्चर झालं तर? बियेम्बो म्हणाला, आमेन म्हणत जा.

मामा म्हणाला, "आंबे? हो, आणत जाईन की." बियेम्बोनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. गिऱ्हाईक म्हणेल ते.

काम मामाच्याच अंगणात केलं; ते आणि आमचं अंगण एकच. शनिवारी चाचणी घेतली. इंजिन सुरू करता येईना, कारण सायलेन्सरच्या मागे आईचं धुणं वाळत होतं, आणि आईच्या धुण्यावर धूर सोडणाऱ्याचं काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय. किल्ली अर्धीच फिरवून रेडिओ लावला. मामा ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसला.

"अजून," तो म्हणाला.

मी अँप्लिफायरचा स्क्रू थोडा फिरवला. गिटार सुरेख वाजत होती.

"अजून."

बियेम्बोचा कॉफीचा कप बोनेटवरून आपोआप चालायला लागला.

"अजून थोडा."

आंब्यावरून दोन आंबे पडले. ते पिकलेले नव्हते. कप तोपर्यंत बोनेटच्या कडेला पोचून खाली उतरला होता. मामानं डोळे उघडले, मान हलवली आणि म्हणाला, "हां. आता घरात रेडिओ चालू असल्यासारखं वाटतंय." मग त्यानं तळहात दारावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला आमच्या कंपनीचा अभिमान वाटला. अजून-अजून म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या धंद्यात रोगी नसतं, रसिक असतं.

रविवारी सकाळी गल्ली जमली. कुणी परदेशी निघालं की आमच्याकडे सगळे निरोप द्यायला येतात आणि कुणीही रिकाम्या हातानं येत नाही. तिकडे ज्याचं-त्याचं कुणी ना कुणी असतं, आणि त्याला इथल्या चीजवाचून जेवण जात नाही. डोन्या सुनिल्दांचे स्वतःचे कपडे बॅगेत आधी होते, नंतर कमी होत गेले. चीज, कसावा कंदाच्या भाकऱ्या, ओव्याची पुडी, मुळ्या घातलेली रमची बाटली आणि पायमोज्यात लपवलेले आंबे. अमेरिकेत आंबे नेऊ देत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पायमोजे. बॅग डिकीत ठेवायला चार माणसं लागली. गाडी मागून बसली.

डोन्या सुनिल्दा केस सेट करून, नवा निळा झगा घालून आल्या. त्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. मामाकडे बघितलं नाही. मामानं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं, पण त्यांचा कुणाचा तरी निरोप घ्यायचा राहिला होता, तेव्हा तो म्हणाला, तोवर गाडी गार करून ठेवतो. तो आत बसला. दारं सगळी उघडी होती. त्यानं किल्ली पूर्ण फिरवली.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हती. रेडिओचा आवाज तुम्ही बटणानं कमी-जास्त करता, पण पडद्यातल्या बाईला ते बटण लागू नाही. तिची पट्टी कारखान्यातच ठरलेली असते. आणि कंपनीचा रेडिओ तसाच ठेवला, म्हणजे बाईही तशीच ठेवली. ती जायची कुठून? आमच्या डबीतून, मामाच्या 'अजून-अजून'वर बसवलेल्या अँप्लिफायरमधून, चार स्पीकर आणि एका वूफरातून.

बाई बोलली.

आकाशानं आजवर एवढे दिवस गप्प राहून एकदम कोरियन भाषेत तोंड उघडावं तसं झालं. गल्लीतल्या तीन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. कोंबड्या कुंपणावरून उडून पलीकडच्या गल्लीत गेल्या, तिथल्या इकडे आल्या. बाईच्या दुसऱ्या वाक्यातला एक 'स' पत्र्याच्या छपरांवरून सरकत पार कोपऱ्यापर्यंत गेला. आणि तिचं बोलून संपताच, कुणी ठरवलेलं नसताना, अख्खी गल्ली एका सुरात म्हणाली, "आमेन."

मामाचं डोकं छताला आपटलं. त्यानं वळून मागच्या सीटवर पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तो उतरला, सीटखाली वाकून बघितलं, मग डिकी उघडली आणि बॅग हलवायला लागला. बॅग हलली नाही.

"वांदी, ही बाई कोण?"

आई म्हणाली, "अरे, तीच. नेहमीची."

"नेहमीची कोण?"

"गाडीतली. तू आमेन म्हणायचास ना तिला?"

"ती कधीच बंद पडली," मामा म्हणाला. "स्पीकर गेले तेव्हाच."

बियेम्बो म्हणाला की बाई परवाही बोलली होती, तो मागेच बसला होता. वाण्यानं सांगितलं की गेल्या रविवारी बोलली होती. मग आणखी कुणी, आणखी कुणी. मामा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. ओठांकडे बघत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आणि सगळी गल्ली मनातल्या मनात गेल्या दोन वर्षांचा हिशेब पुन्हा मांडायला लागली. गर्वाच्या खात्यातून एकेक गोष्ट निघून दुसऱ्या खात्यात जाताना अगदी दिसत होती.

डोन्या सुनिल्दांनी पर्स आईच्या हातात दिली. त्या मामाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तो डिकीकडे तोंड करून उभा होता. आपल्या व्हरांड्यातल्या पट्टीत त्या म्हणाल्या, "शुभ संध्याकाळ, रादामेस."

मामा वळला नाही.

त्यांनी परत म्हटलं, त्याच पट्टीत. मामा वाकून बॅगेखाली बघत होता.

मग त्यांनी श्वास भरून घेतला आणि मासे विकणाऱ्या बाईनं चार गल्ल्यांना ऐकवावं तशी हाक मारली. आम्ही सगळे दचकलो. मामा वळला. समोर कोण आहे ते बघून त्यानं टोपी काढली.

"शुभ संध्याकाळ, सुनिल्दा," तो म्हणाला. मग त्यानं सूर्याकडे पाहिलं. "पण सकाळ आहे ना?"

"मी रोज म्हणत होते, गाढवा."

"रोज?"

"रोज."

"मला वाटलं तू थांबलीस."

"मी कशाला थांबू? थांबलास तू."

आता मामा रडणार की हसणार हे कुणालाच कळेना, बहुतेक त्यालाही नाही. तो माझ्याकडे वळला आणि जरा हळू आवाजात, म्हणजे त्याला हळू वाटलं अशा आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला वाटत होतं, देवा, स्पीकरच असू देत. स्पीकर बदलता येतात."

डोन्या सुनिल्दांनी पर्स परत घेतली आणि बॅग उतरवायला सांगितलं. कुणी गैरसमज करून घेऊ नये, मी याच्यासाठी थांबत नाहीये, असंही सांगितलं. आधी याचे कान दाखवू, मग बघू. विमान त्या दिवशी वेळेवर गेलं म्हणे. आमच्याकडे कुणी वर बघितलं नाही.

सोमवारी त्या मामाला राजधानीत कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मीही होतो. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की आयुष्यभर हमरस्त्यावर खिडकी उघडी टाकून गाडी चालवली की कान असेच झिजतात, पण घाबरण्यासारखं काही नाही. मग त्यांनी मामाचा मूळ कान होता तसाच ठेवला आणि त्याच्या पाठीमागे एक छोटी डबी जोडली. कापला गेलेला आवाज डबी परत जोडते. बाहेरून काही दिसत नाही. माणूस आमच्याच धंद्यातला निघाला, फक्त त्याचा व्हरांडा मोठा होता.

परतीच्या वाटेवर मामानं गाडी सुरू केली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. तो गडगडाट आणि कंपनीकडे आला आणि आवाज कमी करून मागितला. बानीत असली मागणी आजवर कुणी केलेली नाही. बियेम्बोला आधी तो अपमान वाटला. मग आम्ही स्क्रू उलटा फिरवला. बाई पुन्हा मंजुळ झाली, मामा आमेन म्हणाला, आणि मला उगाचच इतकं हलकं वाटलं की मी ते काम फुकट केलं. बियेम्बोला अजून सांगितलेलं नाही.

डोन्या सुनिल्दांना विचारलं की आता पुढं काय, तर त्या सांगतात, तपासणी चालू आहे. ती रोज संध्याकाळी व्हरांड्यात, कॉफी घेऊन, दोन तास चालते. मामा चारदा म्हणाला की आता मला सगळं ऐकू येतं. तरी चालू आहे.

राहता राहिली बॅग. ती आमच्या ओसरीवर आहे. गल्लीला डोन्या सुनिल्दा राहिल्याचा आनंद आहेच, पण चीज तिकडे कसं पोचणार हा प्रश्न प्रत्येक जण आईला येता-जाता विचारतो. आंब्यांचे पायमोजे ओले झालेत. शेवटी आईनं सांगितलं आणि मी लिहून काढलं. उद्या टाकतो पोस्टात.

प्रति,
मा. प्रमुख, प्रवासी व सामान विभाग, विमान कंपनी.

विषय: प्रवाशाविना बॅगेस प्रवासाची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

रविवारच्या आपल्या विमानातील एक प्रवासी काही अपरिहार्य कारणाने येऊ शकल्या नाहीत. त्यांची दररोज संध्याकाळी गल्लीत आवश्यकता असल्याने त्या यापुढेही येऊ शकणार नाहीत. तथापि त्यांची बॅग प्रवासास पूर्णपणे तयार व उत्सुक आहे. तरी सदर तिकिटावर प्रवाशाऐवजी बॅगेस प्रवास करू द्यावा. बॅगेस खिडकीजवळची जागा द्यावी. आतील चीज मऊ असल्याने पट्टा सैल बांधावा. प्रवाशाच्या वाट्याचे जेवण शेजारच्या प्रवाशास दिल्यास आमची हरकत नाही. प्रॉव्हिडन्स येथे उतरल्यावर बॅगेस तिच्या पायमोज्यांविषयी प्रश्न विचारू नयेत, ही नम्र विनंती.